दहा रुपयांची बंदूक: परक्या शस्त्रांचा चढता भाव

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय कळवला तेव्हा संयोजकांची समजूत झाली की मी ‘विक्रमादित्य’ या युद्धनौकेवर बोलणार. त्यात त्यांची चूक नाही. परदेशी शस्त्रांच्या किमतीची गोष्ट निघाली की आज पहिलं नाव तेच येतं. जानेवारी २००४ मध्ये आपण रशियाशी करार केला. जहाज जवळपास फुकट, फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरणाचे ९७.४ कोटी डॉलर, आणि २००८ साली ताबा. प्रत्यक्षात ताबा मिळाला नोव्हेंबर २०१३ मध्ये, आणि आकडा गेला २३० कोटी डॉलरच्या पुढे. महालेखापरीक्षकांनी २००९ च्या अहवालातच म्हटलं होतं की हे जुनं जहाज नव्यापेक्षा साठ टक्क्यांनी महाग पडणार. म्हणजे नवरदेवाच्या घोड्याचं भाडं ठरवलं आणि वरात अर्ध्यावर आल्यावर घोडेवाला म्हणाला, आता दुप्पट द्या! (हशा)

पण भाव का वाढला, हे जरा बारकाईने बघा. जहाज उघडल्यावर काम अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघालं हे खरंच आहे. पण त्याहून मोठं कारण वेगळं होतं. आपली जुनी ‘विक्रांत’ १९९७ मध्येच निवृत्त झाली होती, ‘विराट’ म्हातारी होत चालली होती, आणि बरेचसे पैसे देऊन झाले होते. सौदा मोडून उठून जाण्याची सोय आपल्याकडे उरली नव्हती. विकणाऱ्याला हे ठाऊक होतं. गिऱ्हाईक उठून जाऊ शकत नाही हे कळलं की भाव दुकानदार ठरवतो.

आज मला याच गोष्टीची जुनी आवृत्ती सांगायची आहे, आपल्याच घरातली. मराठ्यांच्या तोफखान्याची आणि कवायती फौजेची. आपण ती सहसा शौर्याची किंवा फितुरीची गोष्ट म्हणून ऐकतो. मी ती आज हिशेबाची वही म्हणून वाचणार आहे.

वहीच्या पहिल्या पानावर आहे १६५९ साल. कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवाजी महाराजांची पहिली गलबतं बांधली जात होती. जहाजबांधणीचं कसब तेव्हा या किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त पोर्तुगीजांकडे, म्हणून महाराजांनी रुई लैतांव व्हिएगश नावाच्या पोर्तुगीज माणसाला आणि त्याच्या हाताखालच्या लोकांना कामावर ठेवलं. बायकामुलं धरून तीनशेहून अधिक माणसं होती ती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं की हे आरमार उद्या आपल्याच अंगावर येणार. त्यांनी या लोकांना आतून निरोप धाडला, आणि ही सगळी मंडळी काम टाकून निघून गेली. गलबतं तशीच खाडीत.

मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. महाराजांचं त्यात नुकसान झालं, पण ते फार स्वस्तात झालं. लढाई चालू असताना नाही, बांधकाम चालू असताना झालं. त्यानंतरची जहाजं इथल्याच कारागिरांनी पुरी केली. ती पोर्तुगीज किंवा इंग्रजी जहाजांच्या तोडीची होती का? नव्हती. इंग्रजांच्या पत्रांत त्यांची थट्टा सापडते. पण त्यांचा सुतार रात्रीतून निघून जाणार नव्हता.

दुसरं पान पुढच्याच वर्षाचं. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा होता. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार उखळी तोफ आणि गोळे घेऊन पन्हाळ्याखाली हजर झाले आणि इंग्रजी निशाण लावून गडावर मारा केला. व्यापारी म्हणून आलेला माणूस माल विकतो, आणि मग मालाबरोबर स्वतःही येतो, ते शत्रूच्या बाजूने! १६६१ च्या मार्चमध्ये महाराजांनी राजापूर मारलं आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकलं. पुढे नुकसानभरपाईच्या वाटाघाटी चालल्या त्या थेट १६७४ च्या तहापर्यंत. त्या सगळ्या काळात इंग्रजांना हवे होते पैसे आणि महाराजांना हव्या होत्या तोफा. इंग्रज ‘नाही’ म्हणत नसत. ‘बघू’ म्हणत. तोफा दिल्या तर सुरतेला मोगल नाराज, मुंबईला सिद्दी नाराज. त्यामुळे गोड बोलून टाळायचं. महाराज मग फ्रेंचांकडे वळले आणि त्यांच्याकडून तोफा आणि शिसं घेतलं. एकाच दुकानावर विसंबायचं नाही, हे धोरण त्यात स्वच्छ दिसतं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे १७१५ च्या सुमारास, याचं सार आलेलं आहे. इतर सावकारांसारखे हे टोपीकर सावकार नव्हेत, यांच्यामागे यांचे राजे आहेत, आणि यांचं बळ आरमारात, तोफांत नि दारूगोळ्यात आहे, असं पंत बजावतात. कागदावर आपल्याला सगळं कळलेलं होतं, हे इथे नोंदवून ठेवू. नंतर जे झालं ते अज्ञानाने झालं असं म्हणण्याची सोय नाही.

आता मी मधली पन्नास वर्षं भरभर उलटतो. तोफखाना होता, तो पानशांकडे होता. सासवडजवळचा मल्हारगड ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत असेल, तो पानशांनी बांधला, आपल्या किल्ल्यांतला अगदी शेवटच्या काळातला. ओतूरकडे आंबेगव्हाणला गोळे ओतण्याचा कारखाना होता. म्हणजे लोखंड होतं, ओतारी होते. नव्हतं ते प्रमाणीकरण. प्रत्येक तोफेचं तोंड वेगळं, प्रत्येकीचा गोळा वेगळा. एडवर्ड मूर हा इंग्रज अधिकारी १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या बरोबर धारवाडच्या वेढ्यात होता. तो लिहितो, तोफ भरून झाली की गोलंदाज अर्धा तास गप्पा मारत, हुक्का ओढत बसतात, मग एकदा डागतात. याचं हसू येतं. पण मला त्यात नुसता आळस दिसत नाही, जपून वापरायची दारूही दिसते. मूर इंग्रज आहे हे विसरू नका, आणि तरी वेढा सप्टेंबर ते एप्रिल चालला हेही विसरू नका.

या मधल्या काळातच दख्खनेत एक नवीन माल बाजारात आला होता: कवायती पलटण. बंदुका, हलक्या तोफा, आणि मुख्य म्हणजे एका हुकमावर एकदम चालणारी माणसं. फ्रेंच सेनापती बुसीने निजामाला ती दाखवली. किंमत? १७५३ मध्ये सलाबतजंगाने फौजेच्या पगारासाठी पूर्व किनाऱ्यावरच्या चार सरकारांचा महसूल बुसीच्या हाती दिला. इथे हिशेब बदलतो, लक्षात घ्या. आतापर्यंत शस्त्राची किंमत रोख मोजली जात होती. आता ती मुलखात मोजली जाऊ लागली. त्याच शाळेत शिकलेला इब्राहिमखान गारदी पुढे भाऊसाहेबांकडे आला आणि पानिपतावर अखेरपर्यंत लढला. त्याच्या निष्ठेबद्दल बोट दाखवायला जागा नाही. पण त्याच्या लोकांना पगार नियमाने आणि रोख लागायचा, आणि बाकीच्या सरदारांना ते खुपायचं, हे खरं.

आता येतो शीर्षकातल्या बंदुकीकडे.

१७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी बेन्वा द ब्वाञ नावाचा माणूस चाकरीला ठेवला. आपल्या बखरींत त्याचं ‘डीबॉईन’ झालं. मूळचा सॅव्हॉयचा, शांबेरी गावचा. फ्रान्स, रशिया, मग मद्रासला कंपनी, असं फिरत फिरत इकडे आलेला. सुरुवात दोन पलटणींपासून. पाच-सहा वर्षांत त्या दोनाच्या दहा झाल्या, आणि १७९० मध्ये पाटण आणि मेडता या दोन लढायांत या फौजेने राजपूत घोडदळाचा जो धुव्वा उडवला, त्याने सगळा हिंदुस्थान चकित झाला. महादजींनी पैसे फुकट घालवले असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्या घडीला दुसरा कुठलाही सौदा त्यांना इतका फळला नसता.

आणि या फौजेची शस्त्रं विलायतेहून येत होती असं समजत असाल तर तेही पूर्ण खरं नाही. आग्र्याला कारखाना होता. सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश माणूस तो चालवायचा. तिथे तोफा ओतल्या जात आणि बंदुका बनत. एक बंदूक पडायची दहा रुपयांना, आणि ती युरोपीय बंदुकीच्या जवळपास तोडीची होती असं तेव्हाचे लोक सांगतात. १८०३ मध्ये दिल्लीच्या लढाईत इंग्रजांनी शिंद्यांच्या ज्या तोफा पकडल्या, त्यांची त्यांनी तपासणी केली. लोखंडी तोफा युरोपातल्या निघाल्या, पण पितळी तोफा हिंदुस्थानात ओतलेल्या, काही मथुरेला, काही उज्जैनला. फक्त आराखडा आणि हात युरोपीय कारागिराचा, असा शेरा आहे.

म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर कारखाना देशी होता. धातू देशी, मजूर देशी, माल देशी, किंमत दहा रुपये. आणि तरी मी म्हणतो की ही फौज परक्या पुरवठादारावर अवलंबून होती. का? कारण आराखडा ज्याच्या डोक्यात होता तो सँगस्टर. पलटण कशी चालवायची ते ज्याच्या डोक्यात होतं तो द ब्वाञ, आणि त्याच्या हाताखालचे युरोपियन कप्तान. दहा रुपयांत बंदूक मिळत होती. बंदुकीमागचं ज्ञान त्यात धरलेलं नव्हतं, त्याचं बिल वेगळं यायचं.

ते बिल कसं चढत गेलं बघा. द ब्वाञचा पगार सुरुवातीला महिना ४,००० रुपये. मग ६,०००. मग १०,०००. ग्रँट डफने दिलेले आकडे आहेत हे. फौजेच्या खर्चासाठी अंतर्वेदीतले बावन्न परगणे तोडून दिले, बावीस लाखांचे. त्यांचा वसूल द ब्वाञनेच करायचा आणि त्यावर शेकडा दोन टक्के त्यालाच. म्हणजे फौज त्याची, तिजोरी त्याची, परगण्यांतला अंमलही त्याचा. धनी शिंदे.

यात चढाओढीनेही भर घातली. शिंद्यांकडे कवायती फौज म्हटल्यावर होळकरांना ती हवीच. तुकोजी होळकरांनी द्यूद्रनेक नावाचा फ्रेंच माणूस ठेवला. १७९३ मध्ये लाखेरीला हे दोघे एकमेकांसमोर आले. एका बाजूला द ब्वाञ, दुसऱ्या बाजूला द्यूद्रनेक, मध्ये मेले ते आपले लोक. होळकरांची पलटण जवळपास कापली गेली, अडतीस तोफा शिंद्यांकडे गेल्या. मग होळकरांनी काय केलं? आणखी पलटणी उभारल्या. दोन भाऊबंद भांडतात आणि वकिलाचं घर उभं राहतं, तसं चाललं होतं.

पैशांत न मोजलेलं एक कलमही होतं. द ब्वाञने चाकरी धरतानाच अट घातली होती की इंग्रजांविरुद्ध आपण लढणार नाही. १७८४ मध्ये ती अट महादजींना जड वाटली नसणार. इंग्रजांशी सालबाईचा तह नुकताच झालेला, समोर होते राजपूत आणि मोगल सरदार. पण करारातलं हे बारीक अक्षरातलं कलम वीस वर्षांनी उघडलं गेलं. या साहेबांची कमाई सुखरूप युरोपला न्यायची तर वाट कंपनीच्या बंदरांतूनच जात होती. मग ते कंपनीशी वैर कसं धरतील? द ब्वाञ १७९५ च्या अखेरीस मोठी दौलत घेऊन परतला. जाताना दौलतरावांना सल्ला देऊन गेला म्हणतात, की इंग्रजांशी बिघडवू नका, वेळ आली तर फौज मोडा पण त्यांच्याशी लढू नका. शांबेरीला आज त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचं कारंजं आहे. हत्ती अर्थातच आपल्याकडचे.

त्याच्या जागी पेराँ आला. आणि मग १८०३.

२९ ऑगस्टला गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला: शिंद्यांच्या चाकरीतल्या ज्या इंग्रज आणि इतर युरोपीय अधिकाऱ्यांनी चाकरी सोडली, त्यांची सोय कंपनी लावील. त्यानंतरचे दोन आठवडे तारखांनिशी बघण्यासारखे आहेत. ४ सप्टेंबरला अलीगड पडलं. किल्ल्याची वाट इंग्रजांना दाखवली लूकन नावाच्या अधिकाऱ्याने, जो कालपर्यंत शिंद्यांचा पगार खात होता. त्याच सुमारास खुद्द सरसेनापती पेराँ चाकरी सोडून इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. ११ सप्टेंबरला दिल्ली. भिवंडीच्या खाडीतलं १६५९ आठवतंय? तेच, फक्त या वेळी लढाई चालू होती.

इथे एक गैरसमज मात्र काढून टाकू. शिंद्यांच्या तोफा निकृष्ट नव्हत्या आणि शिपाईही नव्हते. आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबरला धाकट्या वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, अठ्ठ्याण्णव तोफा जिंकल्या, पण त्यासाठी त्याचे सोळाशेच्या आसपास लोक मेले-जखमी झाले. १ नोव्हेंबरला लासवारीला तर शिंद्यांच्या पलटणी युरोपीय अधिकाऱ्यांशिवाय लढल्या. गोलंदाज तोफेपाशीच कापले गेले, हटले नाहीत. जनरल लेकने लिहून ठेवलंय की यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती. मला हे वाक्य स्तुती म्हणून वाचवत नाही. वीस वर्षांत, इतके परगणे देऊन, या शिपायांतून आपण आपले कप्तान तयार केले नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. शिपायाने सुभेदार व्हावं, त्याच्या वर साहेब. ही पायरी द ब्वाञने ठेवली, आणि ती मोडायचं कुणाच्या मनात आलं नाही.

होळकरांनी दुसरा रस्ता घेतला, तोही सांगतो. १८०४ मध्ये यशवंतरावांच्या फौजेतल्या व्हिकर्स, डॉड आणि रायन या अधिकाऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध लढायला नकार दिला. यशवंतरावांनी तिघांची डोकी उडवली. राग समजतो. पण पलटणीला कप्तान त्याने मिळत नाही. १८०५ च्या राजघाटच्या तहात, इंग्रजांच्या संमतीशिवाय एकही युरोपियन चाकरीला ठेवायचा नाही, हे कलम आलं. शिंद्यांच्या सुर्जी-अंजनगावच्या तहातही इंग्रजांच्या शत्रुपक्षाचे युरोपियन ठेवायचे नाहीत असं कलम आहेच. बाजारच बंद! त्यानंतर यशवंतराव भानपुऱ्याला जाऊन बसले आणि तोफा ओतण्याचा त्यांना ध्यास लागला. माल्कम सांगतो, ते स्वतः भट्टीपाशी उभे राहत, स्वतःच्या हाताने काम करत. त्यातच त्यांचं मन बिघडलं. १८११ मध्ये ते भानपुऱ्यालाच वारले.

आणि पेशवे? त्यांनी तर तोफ, बंदूक, कप्तान असं सुटं काही विकतच घेतलं नाही. वसईच्या तहाने, ३१ डिसेंबर १८०२ ला, बाजीरावांनी सगळी तयार फौजच भाड्याने घेतली. सहा हजारांचं कंपनीचं पायदळ, तोफांसह. त्याबद्दल २६ लाखांचा मुलूख. पुन्हा आकड्याकडे बघा: महादजींचे बावीस लाखांचे परगणे निदान महादजींच्या नावावर राहिले होते. हे २६ लाख कायमचे गेले, आणि फौजही आपली झाली नाही.

शेवटी एका श्रोत्याचा प्रश्न आहे, की पेशव्यांनी स्वतःची कवायती पलटण उभारायचा प्रयत्नच केला नाही का? केला होता. आणि ती जागा इथून पाच-सहा मैलांवर आहे, म्हणून ते सांगून थांबतो.

दापोडीला पेशव्यांची एक पलटण होती. पगार पेशव्यांचा, तोफा पेशव्यांच्या खर्चाच्या. अधिकारी इंग्रज, मुख्य अधिकारी फोर्ड. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढाई उभी राहिली, बाजीराव पर्वतीवरून पाहत होते, आणि ही पलटण दापोडीहून निघाली ती सरळ इंग्रजांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पेशव्यांकडचे एक सरदार होते मोर दीक्षित. त्यांची नि फोर्डची चांगली दोस्ती होती. ग्रँट डफ लिहितो की लढाईआधी दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता, आपल्यापैकी जो जगेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाकडे बघायचं. त्या दिवशी मोर दीक्षित तोफेच्या छर्‍यांनी पडले. ती तोफ फोर्डच्या पलटणीची होती.